नवा ‘रोग’: हातात पर्याय भरपूर, लपण्याचा नियम मात्र अर्धाकच्चा

देवनागरीत ‘रोग’ लिहिलं की पुढे औषधाची चिठ्ठी येणार असं वाटतं, पण क्लासचं (पात्राच्या पेशाचं) नावच ते, लपूनछपून वार करणाऱ्या भामट्यासाठीचा इंग्रजी शब्द, त्यामुळे नाइलाज आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाचं नवं नियमपुस्तक, प्लेअर्स हँडबुक, सप्टेंबर २०२४ मध्ये आलं आणि २०१४ च्या पुस्तकातल्या बाराही क्लासची त्यात फेरमांडणी झाली. हे परीक्षण फक्त रोगचं. रोगचा फटका फारसा वाढलेला नाही, पण फटक्यासोबत काय काय करता येतं ते बरंच वाढलंय. आणि ज्या कामासाठी हा क्लास घ्यायचा, त्या लपण्याचाच नियम सगळ्यात ढिसाळ लिहिला गेलाय.

पाया जुनाच आहे. आठ बाजूंचा हिट डाय (पात्र किती मार सोसेल ते ठरवणारा फासा), हलकं चिलखत, पहिल्या लेव्हलला १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) इतकं जादा डॅमेज देणारा स्नीक अटॅक आणि दर दोन लेव्हलला आणखी एक डी६. अटही तीच: फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा रेंज्ड (लांबून मारायचं) शस्त्र, आणि एक तर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं; डिसॲडव्हांटेज म्हणजे लहान), नाहीतर लक्ष्यापासून पाच फुटांत धडधाकट साथीदार. २०२२ च्या चाचणी मसुद्यात स्नीक अटॅक स्वतःच्या टर्नपुरता बांधून टाकला होता. छापील पुस्तकात ती अट गेली आणि ‘दर टर्नला एकदा’ हे शब्द परत आले. यातच रोगची खरी कमाई आहे. आपल्या टर्नला एक स्नीक अटॅक आणि राक्षस पळू लागला की रिॲक्शनवर (दुसऱ्याच्या पाळीत करता येणाऱ्या झटपट कृतीवर) दुसरा, असे एका राउंडमध्ये (सगळ्यांच्या एकेका पाळीच्या फेरीत) दोन बसतात. रिॲक्शन रिकामी घालवणारा रोग निम्मी मजुरी सोडून देतो.

सगळ्यात मोठी भर म्हणजे पाचव्या लेव्हलचा कनिंग स्ट्राइक. नेम लागला आणि स्नीक अटॅक मिळाला की फासे टाकण्याआधी त्यातला एक डी६ बाजूला काढायचा आणि त्या बदल्यात तीनपैकी एक परिणाम घ्यायचा: पॉयझन (विष), ट्रिप (आडवं पाडणं) किंवा विथड्रॉ (मागे सरकणं). नेम चुकला तर काहीच जात नाही. पण समोरच्याचा सेव्ह (परिणाम टाळण्यासाठी टाकलेला फासा) यशस्वी झाला तर काढलेला फासा गेला तो गेला. एक डी६ म्हणजे सरासरी साडेतीन डॅमेज, एवढीच किंमत. डीसी (सेव्हला गाठायचा आकडा) ८ अधिक डेक्स (चपळाईवरून मिळणारा बोनस) अधिक प्रोफिशिअन्सी (लेव्हलप्रमाणे वाढणारा सरावाचा बोनस), म्हणजे पाचव्या लेव्हलला डेक्स १८ असेल तर १५.

समोर ओगर (धिप्पाड राक्षस) आहे असं धरा. त्याचा डेक्स ८, म्हणजे सेव्हला उणे १. वाचायला त्याला वीस बाजूंच्या फाशावर १६ किंवा जास्त हवेत, म्हणजे ट्रिप १०० पैकी ७५ वेळा लागणार. साडेतीन डॅमेजच्या बदल्यात ओगर आडवा, हा सौदा स्वस्तच. पण इथेच नवे खेळाडू फसतात. आधी इनिशिएटिव्हची (कोणाची पाळी कधी याची) यादी बघा. रोगनंतर लगेच ओगरची पाळी असेल तर तो निम्मी चाल खर्चून उठतो आणि तुमचा फासा पाण्यात जातो. मध्ये फायटर असेल तर त्याच्या दोन्ही वारांना ॲडव्हांटेज मिळतो. मध्ये लांबून बाण मारणारा रेंजर असेल तर त्याला उलट डिसॲडव्हांटेज, आणि टेबलावर शिव्या. ओगरचीच पाळी पुढे असेल तर पॉयझन बरा: कॉन (काटकपणाचा) सेव्ह फसला की त्याच्या प्रत्येक अटॅक रोलला डिसॲडव्हांटेज. हा परिणाम एक मिनिट राहतो, प्रत्येक टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पॉयझनर्स किट अंगावर असावंच लागतं (५० सोन्याची नाणी, कॅरेक्टर शीटवर ते नसेल तर खेळ चालवणाऱ्या डीएमने नाही म्हणणं योग्यच). आणि सांगाडे, झॉम्बी, यंत्रमानव असल्या मंडळींवर विष चालतच नाही.

विथड्रॉ दिसायला साधा, वापरायला सगळ्यात कामाचा. वार केला की लगेच निम्मी चाल, साधारण १५ फूट, तीही ऑपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाताना शत्रूला मिळणारा फुकटचा वार) न ओढवता. पूर्वी यासाठी बोनस ॲक्शन (मुख्य कृतीखेरीजची छोटी कृती) डिसएन्गेजवर, म्हणजे मार न खाता बाजूला होण्यावर जायची. आता ती लपायला मोकळी राहते. चौदाव्या लेव्हलला यात डेझ (भोवळ आणणं), ऑब्स्क्युअर (दिसेनासं करणं) आणि नॉक आउट (बेशुद्ध करणं) येतात. नॉक आउटची किंमत ६डी६ आहे आणि तेव्हा हातात असतात सातच फासे. परिणाम डॅमेज झाल्यानंतर लागू होतो, त्यामुळे त्याच वाराने बेशुद्ध शत्रू जागा होत नाही. पण साथीदारांना आधी सांगून ठेवा, कारण पुढचं कुठलंही डॅमेज त्याला उठवतं.

वेपन मास्टरी (शस्त्राचा खास डाव) पहिल्याच लेव्हलला मिळते, दोन प्रकारच्या शस्त्रांची. लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) निवड बदलता येते. रोगला जमणारी जोडी म्हणजे शॉर्टसोर्ड (आखूड तलवार) आणि डॅगर (खंजीर) किंवा सिमिटर (बाकदार तलवार). शॉर्टसोर्डची मास्टरी वेक्स: वार लागून डॅमेज झालं की त्याच शत्रूवरच्या पुढच्या अटॅकला ॲडव्हांटेज. डॅगर आणि सिमिटरची निक: दुसऱ्या हाताचा वार बोनस ॲक्शन न खाता अटॅक ॲक्शनमध्येच बसतो. क्रम चुकवू नका, आधी शॉर्टसोर्ड, मग निकचं शस्त्र. दुसऱ्या वारात डेक्सचा बोनस डॅमेजला मिळत नाही, हे बरेच जण विसरतात. सिमिटरचा डी६ डॅगरच्या डी४ पेक्षा मोठा असला तरी डॅगर फेकता येतो. पहिल्या वाराला विथड्रॉ घेऊन १५ फूट मागे सरकलात तर दुसरा वार तिथूनच फेकून करता येतो. सिमिटर तेव्हा हातात नुसता शोभेला.

आता थोडं गणित, कारण यावरून वाद होतात. नेम लागण्याची शक्यता ६५ टक्के धरू. साथीदार शेजारी उभा असेल तर दोन साध्या वारांपैकी निदान एक लागून स्नीक अटॅक मिळण्याची शक्यता ८७.७५ टक्के. स्टेडी एम (थांबून नेम धरणं) घेऊन ॲडव्हांटेजने केलेल्या एका वाराचीही नेमकी तेवढीच. फरक असा की स्टेडी एम बोनस ॲक्शन खातो, आधी हललेलं चालत नाही आणि नंतर स्पीड शून्य होतो. तेव्हा साथीदार असेल तर दोन शस्त्रं घ्या. एकटे असाल तर हिशोब उलटतो: स्नीक अटॅकसाठी आधी शॉर्टसोर्ड लागायला हवी आणि मग वेक्सच्या जोरावर दुसरा वार, म्हणजे जेमतेम ५७ टक्के. अशा वेळी गपगुमान स्टेडी एम.

आता लपण्याकडे. जुना नियम बराचसा डीएमच्या मर्जीवर होता. नव्यात आकडा आला: हाइड ॲक्शन घ्यायची, डीसी १५ चा स्टेल्थ चेक (लपण्याच्या कौशल्याचा फासा) करायचा, आणि त्या वेळी तुम्ही दाट अंधारात किंवा धुक्यात, नाहीतर तीन-चतुर्थांश वा पूर्ण आडोशाला आणि शत्रूच्या नजरेआड असायला हवं. अर्धा आडोसा चालत नाही. चेक जमला की तुम्हाला थेट इन्व्हिजिबल (अदृश्य) ही कंडिशन मिळते, आणि तुमचा आकडा हा तुम्हाला शोधणाऱ्याचा डीसी होतो. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज, शत्रूने शोधणं, अटॅक रोल किंवा तोंडी मंत्र, यांतलं काहीही झालं की लपणं संपलं. म्हणून दोन वार करणाऱ्याला लपण्याचा ॲडव्हांटेज पहिल्याच वाराला मिळतो.

इथवर ठीक. मग तुम्ही खांबाआडून निघून उजेडात दहा पावलं चाललात तर? अक्षरशः वाचलं तर तुम्ही अजूनही इन्व्हिजिबल. ‘शत्रूने शोधणं’ म्हणजे फक्त सर्च ॲक्शन घेऊन, की समोर उभा दिसला तरी पुरे, हे नियमात कुठेच नीट सांगितलेलं नाही. पॅसिव्ह परसेप्शनचाही (फासा न टाकता सहज लक्षात येण्याचाही) हाइडच्या मजकुरात उल्लेख नाही. त्यात सी इन्व्हिजिबिलिटी हा अदृश्य गोष्टी दाखवणारा मंत्र टाकलेल्याला पडद्यामागे दबकलेला चोर आपोआप कळतो का, असले विनोदी प्रश्नही निघतात. लपणं आणि मंत्राने अदृश्य होणं या दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या की असंच होणार. खेळ सुरू होण्याआधी डीएमशी दोन वाक्यांत ठरवून घ्या. चालण्यासारखा तोडगा असा: त्याच टर्नमध्ये आडोशातून निघून वार केला तर ॲडव्हांटेज मिळेल, पण उघड्यावर टर्न संपवला तर समोर बघणाऱ्याला तुम्ही दिसाल.

डीसी १५ फार नाही. पाचव्या लेव्हलच्या, डेक्स १८ आणि स्टेल्थमध्ये एक्स्पर्टीज (दुप्पट प्रोफिशिअन्सी) असलेल्या रोगला अधिक १० मिळतात, म्हणजे ८० टक्के यश. सातव्या लेव्हलला रिलायेबल टॅलेंट येतं. जुन्या पुस्तकात ते अकराव्याला होतं. दहाच्या खालचा फासा दहा धरायचा, म्हणजे हाच रोग कमीत कमी २० आणतो. या लेव्हलनंतर रोगला साधं कुलूप उघडायला फासा टाकायला लावणाऱ्या डीएमने वेळ वाया घालवू नये.

सबक्लास (क्लासच्या उपशाखा) चार: थीफ, असॅसिन, आर्केन ट्रिकस्टर, सोलनाइफ. शेवटच्या दोघांत डागडुजी आहे, चांगली आहे, पुढे चला. असॅसिनचं मात्र रूपच पालटलंय. आता सरप्राइज म्हणजे फक्त इनिशिएटिव्हला डिसॲडव्हांटेज, टर्न हुकत नाही. त्यामुळे गाफील शत्रूवर हमखास क्रिटिकल (दुप्पट फाशांचा वार) ही जुनी मिरासदारी गेली. बदल्यात इनिशिएटिव्हला स्वतःला ॲडव्हांटेज, पहिल्या राउंडमध्ये ज्याची पाळी झालेली नाही त्याच्यावर ॲडव्हांटेज, आणि त्या राउंडच्या स्नीक अटॅकला लेव्हलइतकं जादा डॅमेज. पाचव्या लेव्हलला शॉर्टबोने जुन्या क्रिटिकलचे सरासरी ३२ व्हायचे, आता २३. पण ते ३२ मिळायला सरप्राइज जुळून यावं लागायचं, आणि चिलखत खडखडवणारा एखादा पॅलाडिन सोबत असला की संपलं. नवा असॅसिन कमी मारतो, पण दर लढाईत मारतो. क्रिमिनल बॅकग्राउंड घेतलं तर अलर्ट फीट (पात्राचा खास गुण) मिळतं आणि इनिशिएटिव्हला प्रोफिशिअन्सी जोडली जाते. असॅसिनने दुसरं काही शोधू नये.

थीफ या पुस्तकाचा छुपा विजेता. फास्ट हँड्सने बोनस ॲक्शनमध्ये जादूची वस्तूही वापरता येते, २०१४ मध्ये नेमकी त्यालाच बंदी होती. ॲट्यूनमेंट (आधी वस्तूशी नाळ जुळवणं) न लागणारी वाँड ऑफ मॅजिक मिसाइल्स ही जादूची कांडी हाती लागली की वार आणि मिसाइल्स एकाच टर्नमध्ये. अल्केमिस्ट्स फायर (आग लावणाऱ्या द्रवाची कुपी) फेकण्याची जुनी क्लृप्ती मात्र गेली, ते आता अटॅक ॲक्शनमधल्या एका वाराच्या जागी मोजलं जातं. आणि हीलिंग पोशन सगळ्यांनाच बोनस ॲक्शनमध्ये पिता येत असल्याने तिथेही थीफचं वेगळेपण उरलं नाही.

पुस्तकाची अमेरिकेतली किंमत ४९.९९ डॉलर. फक्त थीफ खेळायचा असेल तर ते विकत घेऊ नका. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या एसआरडी ५.२ या नियमसंचात रोगचा पूर्ण क्लास, वेपन मास्टरी, हाइडचा नियम आणि थीफ सबक्लास हे सगळं फुकट आहे. बाकी तीन सबक्लाससाठी पुस्तक लागतंच.

जुनं पात्र नव्या नियमांत आणताना शीटवरून चौदाव्या लेव्हलचा ब्लाइंडसेन्स (जवळचे न दिसणारे शत्रू जाणवणं) खोडा, तो गेला. एक्स्पर्टीज थीव्ह्ज टूल्सवर (कुलूप उघडायच्या अवजारांवर) लावलेली असेल तर ती एखाद्या कौशल्यावर हलवा, आता अवजारं चालत नाहीत. स्लिपरी माइंड या सेव्ह सुधारणाऱ्या गुणापुढे विस्डमसोबत करिझ्माही लिहा. स्वॅशबकलरसारखे जुने सबक्लास ३, ९, १३, १७ या त्याच लेव्हलना बसतात, फक्त स्वॅशबकलरच्या फॅन्सी फुटवर्कमुळे (वार केलेल्या शत्रूला ऑपॉर्च्युनिटी अटॅक मिळत नाही) विथड्रॉची गरज क्वचितच पडेल. त्याने फासा ट्रिपवरच खर्चावा.