मुरमाच्या मैदानावर स्ट्रायकर मुलींसाठी टर्फ शूज : कसे निघाले

सांगली-मिरजेत खेळाच्या दुकानात ‘मुलीसाठी फुटबॉल शूज दाखवा’ म्हटलं की बहुतेक वेळा समोर येतात ते लांब प्लॅस्टिक स्टडचे. साचा पुरुषांचाच, फक्त रंग गुलाबी. गवतावर ते ठीक. आपल्याकडं पाऊस सरला की मैदान म्हणजे मुरूम, रोलर फिरून दगड झालेला. त्यात स्टड रुततच नाही. पोरगी दहा-बारा टोकांवर तोल सांभाळत पळते आणि तासाभरात चवडा दुखतो म्हणून बसते. त्यामुळं हा रिव्ह्यू टीएफ (टर्फ) सोलच्या शूजचा, म्हणजे तळाला रबराचे बुटके, दाट खिळे असलेल्या जोडीचा. हजाराच्या मागंपुढं मिळणाऱ्या जोड्यांची बांधणी, कंपनी कुठलीही असो, साधारण सारखीच असते.

आधी पकड. गोलकडं पाठ करून बॉल घ्यायचा, एक पाय रोवायचा आणि त्याच पायावर गर्रकन वळायचं, हे स्ट्रायकरचं रोजचं काम. रोवलेला पाय जमिनीत अडकला आणि अंग मात्र वळलं, तर पीळ बसतो गुडघ्याला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटतं. ही दुखापत मुलींमध्ये मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात आढळते. नॉर्वेची स्ट्रायकर आदा हेगरबर्गच घ्या. तिनं 2019 च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लब स्पर्धेच्या फायनलमध्ये बार्सिलोनाला 16 मिनिटांत तीन गोल मारले. महिलांचा पहिला बॅलन डी’ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, तिचाच, 2018 चा. जानेवारी 2020 मध्ये एसीएल गेलं आणि ती पुन्हा खेळली थेट ऑक्टोबर 2021 मध्ये. नेदरलँड्सची सर्वाधिक गोल करणारी स्ट्रायकर व्हिव्हियाने मीडेमा डिसेंबर 2022 मध्ये याच दुखण्यानं बसली, 2023 चा वर्ल्ड कप हुकला. सगळा दोष शूजचा नसतो. मांडीची ताकद, थकवा, उडीनंतर पाय टेकायची पद्धत, सगळंच येतं त्यात. पण दुकानात उभं राहून आपल्या हातात असतं ते एवढंच.

इथं टीएफ सरस. वजन सगळ्या तळव्यावर पसरतं आणि वळताना पाय किंचित घसरून सुटतो. तो किंचित घसरा हवाच असतो. तोटाही तिथंच आहे: वर सुटी खडी असेल तर बॉलवर झेप घेताना पहिली दोन पावलं हुकतात. मॅचआधी पेनल्टी स्पॉटच्या आसपासची खडी झाडून घेतली तर बराच फरक पडतो.

मापात सगळ्यात जास्त गोंधळ. ‘वाढता पाय आहे’ म्हणून एक नंबर मोठा घेऊ नका. संध्याकाळी, खेळायचे मोजे घालून जा. दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. आतली गादी बाहेर काढून तिच्यावर उभं करा. सगळ्यात लांब बोटापुढं अर्धा सेंटिमीटर जागा राहिली की बास. मग शूज घालून चवड्यावर उभं करा आणि टाच वर निसटते का बघा. मुलींची टाच बहुधा अरुंद, साचा पुरुषी, त्यामुळं ती निसटतेच. त्यावर दोन मोजे हा उपाय नव्हे, पाय आतल्या आत फिरतो. शेवटच्या वरच्या भोकातून लेस त्याच बाजूला आत घालून छोटा फास करा, समोरची लेस त्यातून ओढून मग गाठ मारा. गाठ बाहेरच्या अंगाला घ्या, नाहीतर पायाच्या वरच्या बाजूनं शॉट मारताना बॉल गाठीवर बसतो आणि भलतीकडं जातो.

सोल हातानं वाकवून बघा. बोटांच्या मुळाशी वाकला तर घ्या, मधोमध दुमडला तर परत ठेवा.

खरी रड चिकटवणीची आहे. स्ट्रायकर टोकानं जमीन घासतेच, त्यामुळं अंगठ्यापुढं सोल उघडायला लागतो. नवे असतानाच चप्पल दुरुस्तीच्या टपरीवर नायलॉन दोऱ्यानं कडेनं शिवून घ्या. उघडल्यावर शिवलं तर आत माती अडकलेली असते आणि टाका धरत नाही. अंगठ्याच्या मुळाखालचे खिळे सगळ्यात आधी झिजतात. ते निम्मे झाले की जोडी सरावालाही नको.

पावसाळ्यात मात्र हे शूज शून्य. काळी माती दाट खिळ्यांत गच्च बसते आणि दहा मिनिटांत तळ गुळगुळीत. तेव्हा मोल्डेड, म्हणजे सोलसोबतच ओतलेले, स्टडच लागतात, तेही गोल, पात्यासारखे लांबट नकोत. नाइकेनं 2023 मध्ये मुलींसाठी काढलेल्या फँटम लुनामध्ये चवड्याखाली स्टड वर्तुळात मांडलेत ते पाय वळता राहावा म्हणूनच, पण ती गवतावरची जोडी आणि किंमतही तशीच.

कोरड्या मैदानासाठी पाचपैकी चार. भिजले तर उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, डिंक सुटतो. आत जुने पेपर कोंबून पंख्याखाली ठेवा, रात्री एकदा पेपर बदला.