सिस्टमडीची यूजर सर्व्हिस: ज्याची फाइल त्याच्या जागी

लिनक्सवर स्वतःपुरती सर्व्हिस (मागे चालत राहणारा प्रोग्राम) चालवायला सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, लागू नये, असं माझं ठाम मत आहे. लिनक्समधल्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीची यूजर सर्व्हिस, म्हणजे वापरणाऱ्याच्या खात्यात चालणारी सर्व्हिस, मला आवडते ती म्हणूनच. बॅकअपचा टायमर आणि नोट्स सिंक करणारा प्रोग्राम, दोन्ही माझ्याच खात्यात चालतात. रूटचा, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याचा, संबंधच येत नाही.

यात खरा विचार दिसतो तो फाइलींच्या जागांमध्ये. मी लिहिलेली युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) ~/.कॉन्फिग/सिस्टमडी/यूजर इथे जाते (~ म्हणजे माझा होम फोल्डर), ॲडमिनने सगळ्यांसाठी लिहिलेली /ईटीसी/सिस्टमडी/यूजरमध्ये आणि पॅकेजबरोबर आलेली /यूएसआर/लिब/सिस्टमडी/यूजरमध्ये. एकाच नावाची फाइल तिन्हीकडे असली तर माझी चालते, ती नसेल तर ॲडमिनची, तीही नसेल तर पॅकेजची. म्हणून पॅकेजच्या फाइलला हात लावायची गरजच पडत नाही. लावूही नये, पुढच्या अपडेटला केलेला बदल जातो. एखादीच ओळ बदलायची असेल तर 'सिस्टमसीटीएल --यूजर एडिट' करा. सर्व्हिसच्या नावापुढे .डी लागलेला फोल्डर तयार होतो आणि त्यातल्या ओव्हरराइड.कॉन्फमध्ये फक्त तुमचा बदल राहतो. एक्झेकस्टार्ट (कुठली कमांड चालवायची ते सांगणारी ओळ) बदलताना मात्र आधी ती ओळ रिकामी लिहून मग नवी लिहायची. नंतर 'सिस्टमसीटीएल --यूजर कॅट' दिलं की प्रत्येक तुकडा कुठल्या फाइलीतून आला ते पूर्ण पाथसकट दिसतं. किती सोय आहे ही!

एका प्रोग्रामचा इन्स्टॉलर आपली युनिट फाइल थेट माझ्या .कॉन्फिगमध्ये टाकतो, ते मला पटत नाही. होममध्ये बसणाऱ्या पॅकेजसाठी ~/.लोकल/शेअर/सिस्टमडी/यूजर ही वेगळी जागा आहे. .कॉन्फिग वापरणाऱ्याचं आहे, तिथे दुसऱ्याने लिहू नये.

यूजर सर्व्हिसकडे नव्याने वळणाऱ्यांनी दोन गोष्टी आधीच बघाव्यात. सिस्टम सर्व्हिसवरून उचललेल्या फाइलीत 'वाँटेडबाय'पुढे (सर्व्हिस कशाबरोबर आपोआप सुरू व्हावी ते सांगणाऱ्या ओळीत) मल्टी-यूजर.टार्गेट असतं. यूजर मॅनेजरकडे, म्हणजे तुमच्या खात्यात चालणाऱ्या सिस्टमडीकडे, ते नसतं, तिथे डिफॉल्ट.टार्गेट लिहा. दुसरं म्हणजे, तुमचं शेवटचं लॉगिन सेशन संपलं की या सर्व्हिसही थांबतात. लॉगआउटनंतरही त्या चालू राहाव्यात म्हणून सर्व्हरवर 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर' द्यावंच लागतं.

उणीव म्हणाल तर एकच, पण मोठी: यूजर युनिटला सिस्टमच्या युनिटवर अवलंबून राहता येत नाही, त्यामुळे 'नेटवर्क आल्यावर सुरू हो' असं सरळ सांगायची सोय नाही. म्हणून सिंकच्या सर्व्हिसला मी 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' लावलंय आणि 'रीस्टार्टसेक' 30 ठेवलंय, म्हणजे ती अयशस्वी झाली की 30 सेकंदांनी पुन्हा सुरू होते.