विमानाची वेळ बदलली आणि पैसे एजंटने खाल्ले: लखनौच्या सहलीतला अनुभव

विमान कंपनीने स्वतःहून वेळ बरीच बदलली किंवा उड्डाण रद्द केलं, तर प्रवाशाला एकतर जादा पैसे न भरता दुसरं विमान मिळतं, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. एजंटला हे तोंडपाठ असतं. आपल्यापैकी बहुतेकांना ते कोणी सांगितलेलंच नसतं. आमचे 36,200 रुपये असेच गेले. आमच्या एजंटने हेच आणखी किती जणांबरोबर केलं असेल कोण जाणे, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

सहल लखनौची होती आणि ती फक्त खाण्यासाठी होती. मी, बायको, ताई आणि दाजी असे चौघं. 31 ऑक्टोबर 2025 ला युनेस्कोने लखनौला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, ती बातमी दाजींनी घरच्या ग्रुपवर टाकली आणि तिथूनच बेत शिजायला लागला. दाजींचं म्हणणं होतं की जायचं तर जानेवारीतच, कारण मक्खन मलाई फक्त थंडीत मिळते. ती कशी करतात हे कळलं की वेळेचं महत्त्व लक्षात येतं. आटवलेलं दूध रात्रभर उघड्यावर, दवात ठेवतात. पहाटे ते घुसळतात आणि वर येणारा फेस अलगद काढून घेतात. त्यात केशर आणि साखर, वरून पिस्ते आणि थोडा खवा. चौक भागात गोल दरवाजापाशी विक्रेते सकाळीच मोठ्या परातींत तो पिवळसर डोंगर रचून बसतात. द्रोणात घेतला की हाताला वजनच लागत नाही, आणि जिभेवर ठेवला की केशराचा वास मागे राहतो, बाकी काही नाही. ऊन चढलं की फेस खाली बसतो, म्हणून दुपारी जाऊन उपयोग नाही. निहारी-कुलच्याचंही तेच. रात्रभर मंद आचेवर शिजलेली निहारी, म्हणजे मांसाचा रस्सा, हा सकाळचा नाश्ता. ताई शाकाहारी, तिच्यासाठी हजरतगंजची कचोरी, तीही सकाळीच. कबाब, बिर्याणी दिवसभर मिळतात, पण लखनौची सकाळ चुकली की अर्धं लखनौ चुकलं.

म्हणून आम्हाला दोन सकाळी हव्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून थेट विमान, शनिवार आणि रविवारची सकाळ चौकात, रविवारी रात्री थेट विमानाने परत. सोमवारी आम्हा तिघांची कामं. नोव्हेंबरमध्ये ओळखीतल्या एका एजंटकडून तिकिटं काढली. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली. वर त्याच्या दुकानाचा लोगो, खाली चौघांची नावं, पीएनआर, वेळा आणि एकूण रक्कम. मूळ भाडं किती, कर किती, त्याची फी किती हे वेगळं लिहिलेलं नव्हतं. संपर्काच्या रकान्यात त्याचाच मोबाइल नंबर आणि त्याचाच ईमेल होता. अशा पीडीएफ सर्रास येतात, त्यामुळे त्यात काही वावगं दिसत नाही. पण सगळा डाव त्या एका रकान्यावर उभा होता.

विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि मार्चच्या शेवटच्या शनिवारपर्यंत चालतं. मधल्या काळात त्यात बदल होत राहतात. विमानं कमी पडतात, धुकं असतं, आणि पुण्याचा विमानतळ हवाई दलाचा असल्यामुळे तिथे हव्या त्या वेळा मिळतातच असं नाही. त्यात नोव्हेंबर 2025 पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर डिसेंबरमध्ये देशभरात हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग पडले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. तो गोंधळ ताजा असताना, निघायला आठवडा राहिला तेव्हा, एजंटचा फोन आला.

"साहेब, वाईट बातमी आहे. शुक्रवारचं विमान शनिवारी दुपारवर गेलंय. येतानाचंही रविवार रात्रीचं सोमवारी दुपारी केलंय. सगळीकडे हाच प्रकार चालू आहे."

मी पैसे परत मागितले. तो म्हणाला, "तुमचं सेव्हर भाडं आहे, नॉन-रिफंडेबल. कंपनी फार तर क्रेडिट शेल देईल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी पैसे जमा ठेवेल, तेही कापून. जातानाचं मी ओळखीने शुक्रवारीच दिल्लीमार्गे करून देतो, माणशी 3,200 फरक भरावा लागेल. येतानाचं दुसऱ्या कंपनीचं नवीन काढावं लागेल, रविवार दुपारचं आहे, 7,400 ने. आत्ता सांगा, तासाभरात भाव वाढेल."

हॉटेलचे पैसे भरलेले, रजा मंजूर झालेल्या. आम्ही जातानाच्या फरकाचे 12,800 आणि परतीचे 29,600 त्याच्या नंबरवर यूपीआयने पाठवले. परतीच्या जुन्या तिकिटांचे 23,400 रुपये बुडाले असं समजून चाललो.

प्रवासाबद्दल थोडक्यात सांगतो. दिल्लीत धुक्यामुळे पुढचं विमान रखडलं, हॉटेलवर पोहोचेपर्यंत पहाट झाली आणि शनिवारची सकाळ झोपेत गेली. रविवारी भल्या पहाटे चौकात गेलो, जे मिळालं ते मनापासून खाल्लं, आणि दुपारच्या विमानासाठी घाईने निघालो. दाजींना निहारी आणि मक्खन मलाई यांच्यात एकाच गोष्टीसाठी नीट वेळ देता आला. याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं, कारण हा सगळा बेत त्यांचा होता.

फसवणूक उघड झाली ती दाजींच्या कंपनीच्या अकाउंट्स विभागामुळे. एलटीएसाठी, म्हणजे प्रवासभत्त्यासाठी, त्यांनी एजंटचं बिल चालणार नाही, विमान कंपनीचं इन्व्हॉइस आणा असं सांगितलं. दाजींनी विमान कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर आणि आडनाव टाकलं. जातानाच्या प्रवासाची पावती उघडली आणि त्यात बदलाचं शुल्क शून्य होतं. भाड्यातला फरकही शून्य. दाजींनी तो स्क्रीनशॉट मला पाठवला आणि खाली फक्त प्रश्नचिन्ह टाकलं.

कस्टमर केअरला फोन केला तर त्यांनी माहिती द्यायला नकार दिला, कारण ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर जाणार आणि तो मोबाइल एजंटचा. आपलं नाव, आपला प्रवास, आपले पैसे, आणि कंपनीच्या लेखी आपण परके! मग चौघांची ओळखपत्रं आणि बोर्डिंग पास जोडून कंपनीच्या तक्रारी पाहणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल केला, आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली. एअरसेवावर तक्रार गेल्यानंतर हालचाल झाली आणि लेखी उत्तर आलं. वेळा बदलल्याचा संदेश कंपनीने डिसेंबरच्या मध्यालाच नोंदवलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर पाठवला होता, म्हणजे एजंटने आम्हाला फोन करण्याच्या बऱ्याच आधी. जातानाचा बदल विनाशुल्क केला होता. परतीची तिकिटं एजंटने रद्द केली होती आणि त्यांची संपूर्ण रक्कम, एक रुपयाही न कापता, ज्या खात्यातून पैसे भरले गेले त्याच खात्यात परत गेली होती.

ते खातं एजंटचं होतं. कसं ते सांगतो. छोटे एजंट बहुधा एखाद्या मोठ्या पोर्टलवर आपलं वॉलेट ठेवतात, त्यात आगाऊ पैसे भरतात आणि त्यातून तिकीट काढतात. परतावा जिथून पैसे आले तिथेच जातो, म्हणून तो त्या वॉलेटमध्ये पडतो. आपण एजंटला दिलेल्या पैशांचा विमान कंपनीच्या नोंदीत कुठे पत्ताच नसतो. संदेशही त्यालाच, परतावाही त्यालाच, आणि मधल्या दिवसांत तो आपल्याला काहीही सांगू शकतो. वर त्याने निघायला आठवडा उरेपर्यंत गप्प राहायचं, म्हणजे आपण घाबरून लगेच पैसे भरतो. महिनाभर आधी कळलं असतं तर आम्ही गुरुवारी रात्री निघालो असतो, तेही फुकटात.

डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियम याबाबत स्पष्ट आहेत. उड्डाण रद्द झाल्याचं कंपनीने दोन आठवडे किंवा त्याहून आधी कळवलं, तर प्रवाशाला मान्य असेल ते पर्यायी विमान किंवा परतावा द्यायचा. तिकीट एजंटकडून काढलेलं असलं तरी परताव्याची जबाबदारी कंपनीचीच राहते, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी. पैसे क्रेडिट शेलमध्ये ठेवायचे की रोख घ्यायचे हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने किंवा एजंटने नाही. 'नॉन-रिफंडेबल' हा शब्द आपण स्वतः तिकीट रद्द करतो तेव्हाचा आहे. उड्डाण कंपनीनेच रद्द केलं असेल तर तो लागू होत नाही.

त्याच नियमांत आणखी एक अट आहे. ऐनवेळी, न कळवता उड्डाण रद्द झालं तर परताव्याशिवाय भरपाई मिळते: एक तासापर्यंतच्या प्रवासाला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000 रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतली कमी असेल ती रक्कम. पण तिकीट काढताना प्रवाशाने पुरेशी संपर्क माहिती दिलेली नसेल तर ही भरपाई मिळत नाही. म्हणजे एजंटने आपला नंबर न टाकता स्वतःचा टाकला, तर आपला हा हक्कही धोक्यात येतो. त्यामुळे तिकीट हातात आलं की त्याच दिवशी कंपनीच्या अ‍ॅपवर पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडा, आणि संपर्कात आपला मोबाइल व ईमेल आहे का पाहा. नसेल तर एजंटला लगेच बदलायला लावा. टाळाटाळ केली तर पुढचं तिकीट दुसरीकडून काढा. आणि एजंटकडून कंपनीचं मूळ तिकीट मागा, भाडं आणि कर वेगळे दाखवलेलं. प्रामाणिक एजंट आपली फी वेगळी लिहितात आणि वेळ बदलली की स्वतः फोन करतात. असे कितीतरी आहेत, आणि अशा लबाडांमुळे त्यांच्याही पोटावर पाय येतो.

फक्त एक लक्षात ठेवा. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका. तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. परतावा देतो म्हणून स्क्रीन शेअर करायला किंवा यूपीआय पिन टाकायला लावतात, आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तसं काही झालंच तर त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. कस्टमर केअरचा नंबर विमान कंपनीच्या अ‍ॅपमधूनच घ्या.

आता आमच्या पैशांचं. कंपनीचं पत्र समोर ठेवल्यावर एजंट आधी म्हणाला, पैसे पोर्टलवर अडकलेत. मग म्हणाला, ती माझी सर्व्हिस फी होती. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक त्याला पाठवला, तेव्हा परतीचे 23,400 रुपये त्याने दोन हप्त्यांत दिले. दुसऱ्या हप्त्याच्या वेळी "आता तक्रार मागे घ्या" असा मेसेज आला. घेतली नाही. जातानाचे 12,800 द्यायला तो तयार नाही, कारण ते यूपीआयने त्याच्या वैयक्तिक नंबरवर गेले होते आणि त्यावर तिकिटाचा उल्लेख नव्हता. व्हॉट्सअ‍ॅपवरचा "फरक 3,200 माणशी" हा त्याचा मेसेज मात्र आमच्याकडे आहे.

त्यासाठी आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. पीएनआर असलेली पीडीएफ, यूपीआयच्या नोंदी, चॅटची पूर्ण निर्यात आणि विमान कंपनीचं उत्तर एवढी कागदपत्रं आम्ही जोडली आहेत. तुमच्याही एजंटने वेळ बदलल्याचं सांगून फरक घेतला असेल, तर आधी विमान कंपनीकडून लेखी उत्तर मिळवा. ग्राहक आयोगात जायला फसवणूक झाल्यापासून दोन वर्षांची मुदत असते.