साखरेचा माग काढायला 'घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण' कितपत कामाचं?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणाचा कुटुंबनिहाय डेटा केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करून फुकट मिळतो. कुटुंबं २,६१,९५३, काळ ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४. एवढा मोठा ऐवज फुकट हाती येतो म्हटल्यावर कुरकुर करायला जीव होत नाही, पण साखरेच्या बाबतीत करावीच लागते.

आधी काम कसं करायचं ते. टेक्स्ट फायली घेतल्यात तर सोबतचा लेआउट (कुठल्या जागचे अंक कशाचे हे सांगणारा तक्ता) उघडा ठेवा, रकाने त्यावरूनच लावायचे. रेशनची साखर आणि बाजारची साखर यांच्या ओळी वेगळ्या असतात, त्या जोडा. गूळ निराळा. प्रत्येक कुटुंबाच्या ग्रॅमना मल्टिप्लायरने (ते कुटुंब किती कुटुंबांच्या वतीने मोजायचं, तो डेटात दिलेला आकडा) गुणून बेरीज करा. तिला तशाच गुणलेल्या माणसांच्या बेरजेने भागा आणि मग ३० ने, कारण साखरेची विचारणा मागच्या ३० दिवसांची असते. घोटाळा होतो तो माणसांच्या आकड्यात. अन्न, उपभोग्य वस्तू-सेवा आणि टिकाऊ वस्तू यांच्या प्रश्नावल्या वेगवेगळ्या महिन्यांतल्या भेटींत भरल्या जातात आणि दर भेटीत कुटुंबाचा आकार नव्याने लिहितात. इथे अन्नाच्या भेटीतलाच घ्यायचा. साखर न खाणाऱ्या घराची ओळच नसते; ते घर भागाकारातून गळलं की सरासरी फुगते.

सहकारी कारखान्याची सभासद साखर सवलतीच्या दराची असते. किलोमागे खर्च फार कमी दिसतो म्हणून महाराष्ट्रातल्या अशा नोंदी चुकीच्या समजून छाटू नका.

आता खरी उणीव. टपरीवरचा चहा कपात मोजला जातो. बिस्किटं, मिठाई, थंड पेयं आपापल्या ओळीत जातात. त्यांतली साखर साखरेच्या ओळीत येतच नाही. देशाचा साखरेचा एकूण वार्षिक खप, म्हणजे घरातला आणि बाहेरचा मिळून, सुमारे २८० लाख टन धरून १४० कोटींनी भागला तर माणशी वर्षाला २० किलो, म्हणजे रोज ५५ ग्रॅम पडते. त्यातून २२० कॅलरी मिळतात, २,२०० कॅलरींच्या आहाराच्या १० टक्के. जागतिक आरोग्य संघटनेची कमाल मर्यादा तेवढीच आहे. (नासाडी यात धरलेली नाही, आणि गूळही नाही.) घराच्या डब्यातली साखर या ५५ ग्रॅमच्या बरीच खाली राहते. कल पाहायचा तर दोन्ही आकडे शेजारी मांडावेत. नुसत्या डब्यावर विसंबून 'लोक साखर कमी खायला लागले' असं लिहिणं धाडसाचं ठरेल.

याच सर्वेक्षणावरून काढलेला पोषणाचा अहवाल कॅलरी, प्रथिनं आणि मेद यांवरच थांबतो. प्रथिनांचे आकडे उपयोगी आहेत: २०२३-२४ मध्ये रोज माणशी ग्रामीण ६१.८ ग्रॅम, शहरी ६३.४. वरून मिसळलेल्या साखरेचा तक्ता मात्र नाही. २०११-१२ च्या सर्वेक्षणाशी थेट तुलनाही टाळा. तेव्हा ३४७ वस्तू एका भेटीत विचारल्या होत्या, आता ४०५ वस्तू तीन भेटींत.

प्रथिनं-मेदासाठी पाचपैकी चार तारे, साखरेसाठी अडीच.