आठ महिने, नऊ फेऱ्या: हार्स्टाड ते स्वोल्वेर, बोटीने

नोकरीसाठी उत्तर नॉर्वेतल्या हार्स्टाडला येऊन आठ महिने झाले. तेवढ्यात लोफोटेन बेटांवरच्या स्वोल्वेरची बोट नऊदा झाली. गाडीने हेच अंतर तीनेक तासांचं. २००७ साली ही बेटं जोडणारा लोफास्टचा रस्ता झाल्यापासून मध्ये गाडी बोटीवर चढवावीही लागत नाही. बोट सकाळी साडेआठच्या सुमारास सुटते आणि संध्याकाळी साडेसहाला पोचवते. घाई असेल त्यांनी इथूनच परत फिरावं.

ही किर्कनेसहून बर्गेनला जाणारी किनाऱ्याची बोट. कप्तान रिचर्ड विथ यांनी १८९३मध्ये सुरू केलेला मार्ग, आता ३४ बंदरांचा. पर्यटक केबिन घेऊन दिवसचे दिवस राहतात. आपण एका दिवसाचं, बिनकेबिनचं तिकीट काढायचं. खिडकी सगळ्यांना तीच.

उजवीकडे बसा. पुढच्या काचेच्या हॉलात किर्कनेसपासून आलेल्या आज्या विणकाम घेऊन बसलेल्या असतात, त्यांच्या खुर्च्या ठरल्यासारख्याच असतात. मी एकदा चुकून एकीच्या लोकरीवर बसलो, तेव्हापासून मागेच असतो.

माझा सगळ्यात आवडता टप्पा रिसोयहाम्न बंदराच्या अलीकडचा. तिथे समुद्र इतका उथळ, की मोठ्या बोटींसाठी तळ उकरून वाट करावी लागली. ती १९२२मध्ये खुली झाली. बोट एकदम हळू होते, दोन्हीकडे खुणेचे खांब, आणि वाळूमुळे पाणी पोपटी. वर काळं आभाळ असलं की तो रंग आणखी उठून दिसतो. इथे कॉफी खाली ठेवून डेकवर जायचंच.

डेकवर पाऊस. मी चिपळूणचा, मला वाटायचं पावसाचं मला काय सांगता! पण आपला पाऊस वरून येतो, हा आडवा येतो. भुरभुर असते, तरी बाहीतून कोपरापर्यंत जातो. इथे यायच्या आधी घेतलेलं महागडं जॅकेट चौथ्या फेरीत खांद्याच्या शिवणीतून पाझरलं. कंपनीला लिहिलं तर ‘धुऊन, इस्त्री फिरवून बघा’ असं उत्तर आलं. फिरवली. तरी पाझरतंय. आता मच्छीमार घालतात तसलं जाड रबरी घेतलंय. आत घाम येतो, पण पाणी येत नाही. आजोबांचं इरलं या दोघांपेक्षा बरं होतं.

खाणं महाग, म्हणून डबा नेतो. फक्त तपकिरी चीज घातलेला वाफल विकत घेतो. ते चीज म्हणजे तळाला किंचित लागलेली बासुंदी. स्टोकमार्कनेसला तासभर थांबा असतो. धक्क्याजवळच्या संग्रहालयात १९५६ची अख्खी बोट काचेच्या इमारतीत ठेवलीय. तासात नीट बघून होत नाही, मी तीन हप्त्यांत पाहिली.

पुढे राफ्टसुंड ही अरुंद सामुद्रधुनी. दोन्ही बाजूंचे डोंगर ढगात, खालचा तेवढा पायथा दिसतो, त्यावरून धबधब्यांच्या पांढऱ्या दोऱ्या. डिसेंबरात मात्र या फेरीला जाऊ नका. सूर्य उगवतच नाही, राफ्टसुंड येईतो मिट्ट काळोख, आणि खिडकीत आपलंच तोंड. त्यातही माझी एक फेरी वादळाने रद्द झाली आणि बसने जावं लागलं.

परतीला रात्री दहाच्या आसपास उत्तरेकडची बोट मिळते, सकाळी सातच्या सुमारास घरी. खुर्चीत झोपता येतं, पण मानेखाली काहीतरी घ्या. आणि कानात बोळे ठेवा: मध्यरात्रीनंतर वाटेतल्या सोर्टलंड बंदराच्या धक्क्यावर माल चढवणारा फोर्कलिफ्ट बरोबर खिडकीखाली पीं-पीं करत मागे येतो.