अनिता ब्लेक आधी की हॅरी ड्रेस्डेन?

आजच्या शहरात घडणारी, रक्तपिपासू पिशाच्चांशी गाठ घालून देणारी एखादी इंग्रजी कादंबरी वाचायची म्हटली की दोन नावं हमखास सुचवली जातात. लॉरेल के. हॅमिल्टनची ‘गिल्टी प्लेझर्स’ (1993) आणि जिम बुचरची ‘स्टॉर्म फ्रंट’ (2000). दोन्ही लांबलचक मालिकांची पहिली पुस्तकं. एकीत सेंट लुईस शहर आणि व्हॅम्पायरची शिकार करणारी अनिता ब्लेक, दुसरीत शिकागो आणि जादूगार-गुप्तहेर हॅरी ड्रेस्डेन. दोघंही स्वतःच्या तोंडून गोष्ट सांगतात, आणि विचित्र खून झाला की पोलीस दोघांनाही बोलावून घेतात. म्हापसा-पणजीकडच्या आमच्या वाचणाऱ्या मंडळींत या दोघांवरून बरीच भवति न भवति झाली. मतं पार टोकाची निघाली. माझं मत आधीच सांगून टाकते: गोव्यातल्या मराठी वाचकाने ‘गिल्टी प्लेझर्स’ आधी घ्यावी, मात्र त्या मालिकेत कुठे थांबायचं ते अगोदरच ठरवून ठेवावं.

असं का म्हणते ते सांगते. अनिताच्या जगात व्हॅम्पायर कायद्याने नागरिक आहेत. त्यांचे क्लब आहेत, धंदे आहेत, त्यांचं स्वतःचं चर्चसुद्धा आहे. कोर्टाचा हुकूम हातात नसताना व्हॅम्पायरला मारलं तर तो खून ठरतो. अनिताकडे असा हुकूम बजावण्याचा रीतसर परवाना आहे आणि व्हॅम्पायर मंडळी तिला ‘एक्झिक्यूशनर’ म्हणूनच ओळखतात. आणि कथानक काय, तर शहरात कुणीतरी व्हॅम्पायरांचेच खून पाडतंय, आणि ते कोण हे शोधायचं काम तिच्या गळ्यात पडतं. सुरुवातीचाच प्रसंग बघा. विली मॅकॉय नावाचा एक फालतू माणूस, नुकताच मरून व्हॅम्पायर झालेला, भडक चौकडीचा कोट घालून तिच्या ऑफिसात येऊन बसतो. काम घेऊन आलाय, गिऱ्हाईक म्हणून. ती त्याच्या डोळ्यांत बघत नाही, कारण व्हॅम्पायरच्या डोळ्यांत बघितलं की मन ताब्यात जातं. जिवंतपणी ज्याला तिने कधी किंमत दिली नाही, त्याच्याशी आता नजर चुकवून बोलावं लागतं. शिवाय विली मेला तरी तसाच राहिलाय, घाबरट आणि केविलवाणा. अवघ्या काही पानांत या जगाची सगळी रीत कळते, आणि लेखिकेने कुठेही समजावून सांगत बसण्याची गरज ठेवलेली नाही.

आता हे गोव्यातल्या वाचकाला जवळचं का वाटतं? मराठी वाचकाची व्हॅम्पायरशी ओळख बहुधा नारायण धारपांनी करून दिली. स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली त्यांची ‘लुचाई’ कित्येकांनी कॉलेजच्या वयात एका बैठकीत संपवलेली असते. तिथलं संकट बाहेरून येतं, गाव पोखरतं आणि त्याचा नायनाट करणं हाच एक मार्ग उरतो. पण गोव्यातल्या आपल्या गावांत अदृश्याशी नातं असं नाही. शिवेवर राखणदार असतो. घोंगडी पांघरून, हातात दांडा घेऊन देवचार रात्री शीव राखत फिरतो ही श्रद्धा आजही पक्की आहे, आणि म्हापशाला बोडगेश्वर या राखणदाराच्या जत्रेला गेलेल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्याला रोट, म्हणजे जाड भाकरीचा नैवेद्य, द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं, ठरलेला नेम मोडायचा नाही. आमोण्याला, पैंगीणला तर वेताळ हा गावाचा देव आहे. अदृश्याला हुसकावून न लावता अटी पाळून त्याच्या शेजारी राहायचं, ही आपली जुनी रीत. ‘गिल्टी प्लेझर्स’मधलं शहर नेमकं अशाच करारावर चालतं, आणि तो करार कुणीतरी मोडतंय ही तिथली खरी भीती आहे. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने हे पुस्तक वाचून म्हटलं, “हांगा शीव कोण राखता तेंच कळना.” इतकं नेमकं परीक्षण मी दुसरं ऐकलेलं नाही.

अनिताचा मूळ व्यवसाय मात्र व्हॅम्पायर मारण्याचा नाही. ती एका कंपनीत नोकरी करते आणि पैसे घेऊन मेलेल्यांना थडग्यातून उठवते. कशासाठी, तर मृत्युपत्रावरून वारसांत भांडण लागलं की खुद्द मृतालाच विचारता यावं म्हणून. इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या, खटल्यात घराच्या वाटण्या वर्षानुवर्षं अडकलेल्या बघणाऱ्या गोवेकराला यातली सोय चटकन पटते! त्यासाठी कोंबड्याचा बळी द्यावा लागतो, रक्ताचं रिंगण करावं लागतं, आणि हे सगळं ती प्लंबरने नळ दुरुस्त करावा इतक्या सरावाने करते. पुस्तकाची ताकद मला इथे वाटते. भयानक गोष्टीला नोकरीची शिस्त आहे. बॉसला पैशाची हाव आहे, कामाच्या वेळा ठरलेल्या आहेत. घरी गेल्यावर हीच बाई खेळण्यातल्या पेंग्विनांच्या घोळक्यात झोपते आणि उशाला पिस्तूल ठेवते.

भीतीच्या बाबतीत तर पारडं स्पष्ट झुकतं. शहरातल्या व्हॅम्पायरांची मालकीण निकोलाओस ही हजारेक वर्षांची आहे, पण दिसते बारा-तेरा वर्षांची गोड मुलगी. तिची लाडिक बडबड चालू असताना वाचकाच्या अंगावर काटा येतो, कारण पुढच्या क्षणी ती काय करेल याचा नेम नाही. अनिता तिच्यापुढे उभी असते तेव्हा तिच्या कामी येईल असा ना मंत्र, ना सिद्धी. मनाचा हिय्या तेवढा आहे. धारपांच्या कथांत दुष्ट शक्तींशी लढणारे समर्थ आले की आपण निर्धास्त होतो. इथे निर्धास्त करणारं कुणी येत नाही.

क्रूसाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमच्याकडे यावरूनच सगळ्यात जास्त बोलणं झालं. या मालिकेत क्रूस व्हॅम्पायरसमोर तेजाळतो, पण धरणाऱ्याची श्रद्धा असेल तरच. अनिताच्या हातावर क्रूसाच्याच आकाराचा भाजल्याचा डाग आहे. व्हॅम्पायरांच्या माणसांनी गंमत म्हणून तिला तो डागलेला. ती श्रद्धाळू आहे आणि तरीही मेलेल्यांना उठवण्याच्या धंद्यामुळे कॅथलिक चर्चने तिच्यासारख्यांना बाहेर काढलंय. वाटेवाटेवर फुलं वाहिलेले क्रूस असलेल्या गोव्यात, शेजारच्या घरची लदाईन, म्हणजे क्रूसापुढची सामूहिक प्रार्थना, ऐकत वाढलेल्या माणसाला हे उसनं वाटत नाही. आमच्यातल्या एका कॅथलिक मैत्रिणीला हा भाग फार लागला. तिचं म्हणणं, श्रद्धा तिची पण दार बंद, ही गोष्ट लेखिकेने आणखी खोलात जाऊन लिहायला हवी होती. मला ते पटतं.

तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. पहिली तक्रार कपड्यांची. कुणीही दारातून आत आलं की बूट, शर्ट, शर्टाचा रंग, सगळी यादी. दुसरी, अनिता किती धीट आणि किती ठेंगणी हे पुन्हा पुन्हा ऐकावं लागतं. तिसरी तक्रार जास्त गंभीर आहे. जाँ-क्लोद हा देखणा व्हॅम्पायर तिला न विचारता आपल्या खुणेने बांधून घेतो. तिचा जीव वाचवण्यासाठी का होईना, पण संमतीशिवाय. नर्सिंग शिकणाऱ्या आमच्या एका मुलीने पुस्तक तिथेच मिटलं, आणि हा प्रेमाचा रस्ता असेल तर मला नको, असं सरळ सांगितलं. माझं वाचन थोडं वेगळं आहे. अनिताला त्याचा राग येतो, ती त्याला माफ करून टाकत नाही, आणि पहिल्या पुस्तकापुरता तरी तो राग प्रामाणिक वाटतो. पण कुणाला हे नकोच असेल तर त्या वाचकाने सरळ हॅरीकडे जावं. इतर बायकांबद्दल अनिता जे तुसडेपणाने बोलते तेही खटकतं, त्याची बाजू मी घेणार नाही.

‘स्टॉर्म फ्रंट’चा बाज मोकळा आहे. हॅरी शिकागोच्या फोन बुकात ‘विझार्ड’ म्हणून नोंदलेला एकमेव माणूस. भाडं थकलेलं, गाडी जुनी खटारा फोक्सवॅगन, जवळ गेला की यंत्रं बिघडतात. कवटीत राहणारा बॉब त्याचा सल्लागार, आणि छोट्या परीजातीतला एकजण पिझ्झ्याच्या लालचेने त्याला खबर देतो. हॉटेलच्या खोलीत दोघांची हृदयं छाती फोडून बाहेर आलेली सापडतात, हा खून कुणी जादूने केला ते शोधायचं. जादूने माणूस मारायचा नाही हा जादूगारांचा पहिला कायदा. हॅरीने तो पूर्वी एकदा मोडलेला असल्यामुळे त्याच्यावरही एक पहारेकरी सतत नजर ठेवून आहे. रहस्य शेवटी नीट सुटतं, धागे लोंबकळत नाहीत. व्हॅम्पायर मात्र इथे एका प्रसंगापुरतीच येते. बियांका नावाची. तिने हल्ला केल्यावर हॅरी खिशातून रुमाल काढतो आणि घडीत साठवून ठेवलेलं ऊन तिच्यावर सोडतो. त्या एका कल्पनेसाठी मी बुचरला मानते. पण व्हॅम्पायरसाठी म्हणूनच पुस्तक उघडणाऱ्याचं यावर पोट भरणार नाही. त्याने मालिकेतलं तिसरं, ‘ग्रेव्ह पेरिल’ (2001), गाठावं.

हॅरीबद्दल वाचकांची तक्रार एकच आणि ती सगळ्यांची: बाई दिसली की तो आधी तिचं रूप मोजतो. बायकांशी सभ्यतेने वागायची त्याला फार हौस, पण त्यामुळेच तो महत्त्वाची माहिती मर्फी या पोलीस अधिकारी बाईपासून लपवून ठेवतो आणि गोष्ट उगाच अडते. पहिल्या दोन पुस्तकांत लेखकाचा हात अजून बसलेला नाही, असंही बहुतेकजण म्हणतात.

मालिका म्हणून बघितलं तर निकाल उलटा लागतो. हॅरीची 2020 पर्यंत सतरा पुस्तकं आली आणि ती चढत गेली. अनिताची मालिका तीसच्या घरात गेलीय, पण नववं पुस्तक ‘ऑब्सिडियन बटरफ्लाय’ (2000) हे कित्येक जुन्या वाचकांचं शेवटचं आवडतं. दहाव्या ‘नार्सिसस इन चेन्स’पासून (2001) शृंगार इतका वाढतो की खुनाचा तपास मागे पडतो. ज्यांना ते रुचतं त्यांनी खुशाल पुढे जावं, त्यांचीही संख्या कमी नाही. मी नवव्यावर थांबा म्हणते, कारण मला तपास आणि करार हवा आहे.

इंग्रजी फारसं सरावाचं नसेल तर हॅमिल्टन सोपी पडते. वाक्यं तोकडी, संवाद भरपूर, पानं पावणेतीनशेच्या आसपास. बुचरच्या कोट्या अमेरिकन टीव्ही-सिनेमावर बेतलेल्या, त्यातल्या काही निसटतात. रोज पणजी-मडगाव कदंबा बसने जाणाऱ्याला मात्र हॅरी सोयीचा. जेम्स मार्स्टर्सने वाचलेली त्याची ऑडिओ पुस्तकं फार सुंदर आहेत आणि ऐकताना त्या कोट्याही जास्त कळतात.

घरात नववी-दहावीतलं मूल वाचणारं असेल तर त्याच्या हाती यातलं काहीही लगेच देऊ नये. ‘गिल्टी प्लेझर्स’ या नावाचा क्लब म्हणजे कपडे उतरवण्याच्या खेळांचा क्लब आहे आणि बियांकाचा धंदाही वेश्याव्यवसायाचाच. बारावीनंतर ‘स्टॉर्म फ्रंट’ द्यायला हरकत नाही. अनितासाठी आणखी दोन वर्षं थांबलेलं बरं. मोठ्यांनी पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत आधी चौकशी करावी, आणि विकत घ्यायचं झालं तर पहिलं एकच पुस्तक घ्यावं, संच नको. विलीचं ते पहिलं प्रकरण वाचून पुढचं पान उलटावंसं वाटलं नाही, तर ही लेखिका तुमची नाही, तिथेच हॅरीकडे वळा.