जुनी स्विफ्ट घ्यायची तर पेट्रोल का डिझेल? दोन वर्षं पेट्रोल चालवून झाल्यावर

२०१३ ची पेट्रोल स्विफ्ट, व्हीएक्सआय, एमएच ११ पासिंग, सेकंड ओनर. घेतली तेव्हा ५८ हजार किमी झालेली, आता दोन वर्षं झाली माझ्याकडे. डिझेल का नाही घेतली हे ज्याला त्याला सांगून दमलोय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आमच्या दाजींचं पहिल्या दिवसापासून एकच पालुपद, "अरे डिझेल घे, अ‍ॅव्हरेज बघ की." त्यांच्याकडे त्याच वर्षाची व्हीडीआय, म्हणजे डिझेल स्विफ्ट, आहे आणि त्यांच्यापुरतं ते शंभर टक्के बरोबर आहेत, आठवड्यातनं दोनदा कराड-पुणे-कराड म्हणजे महिन्याला अडीच हजार किमी कुठं जात नाही, हायवेला २२ चं अ‍ॅव्हरेज काढतात. माझं घर ते ऑफिस ७ किमी आणि महिन्यातनं एकदा गाव, कसंबसं ५०० होतं. माझी पेट्रोल गावात १४ देते, डिझेल गावात १८ धरा, पेट्रोल १०५ आणि डिझेल ९१ च्या आसपास, म्हणजे महिन्याला बाराशेचा फरक. वर्षाला चौदा-पंधरा हजार झाले ना, कमी नाहीत, मीही हुरळलो होतो. बाकी डिझेलचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन म्हणजे तक्रारीला जागाच नाही, डिझायर, रिट्झ, पुंटो, व्हिस्टा सगळ्यांत तेच, आपल्या रांजणगावलाही बनायचं, पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळतात.

तर एक डिझेल बघायला गेलो. मीटरवर ७१ हजार. एजंटला आदल्या रात्री बजावून ठेवलेलं की मी आठला येतो, गाडी चालू करू नका, थंड इंजिन बघायचंय. पोचलो तर बॉनेट गरम! म्हणे "साहेब आत्ताच धुऊन आणली." मिस्त्रीला घेऊन गेलो होतो, तो काही बोलला नाही, आधी दार उघडून पेडल बघितली. क्लचच्या पेडलचं रबर डावीकडनं पार गुळगुळीत, ब्रेकचं मात्र कोरं करकरीत, स्टेअरिंग हात धरायच्या जागी चकाकतंय, ड्रायव्हर सीट एका बाजूनं बसलेली. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर उलटं नुसतं ठेवलं, तर ते झाकण भातावरच्या ताटलीसारखं थडथड उडायला लागलं आणि खालनं भकभक धूर. "दादा, ही लाखाच्या कधीच पुढं गेलीय," एवढंच म्हणाला. गाडीच्या नंबरवर सर्व्हिस हिस्टरी काढली तर २०१८ च्या शेवटच्या सर्व्हिसलाच १ लाख ३४ हजार! इंजेक्टर चारही करावे लागले तर किती, म्हणून सहज विचारलं, मिस्त्रीनं सांगितलेल्या आकड्यात माझी दोन वर्षांची डिझेलची बचत गेली, टर्बो अजून वेगळाच.

माझ्या मते जुन्या गाडीत आपण पेट्रोल-डिझेल निवडतच नाही, आधीच्या मालकाचं रनिंग निवडतो. डिझेल माणूस पळवायलाच घेतो, मग दहा-बारा वर्षांत ती ७१ हजारावर कशी थांबेल? पेट्रोल मात्र शाळेच्या सरांकडची, रविवारी देवाला जाणारी अशी खरंच मिळते. अपवाद आहेत, २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलमध्ये तीस रुपयांच्या वर फरक होता तेव्हा गरज नसलेल्यांनीही वेटिंगला थांबून डिझेल घेतल्या, त्यातली एखादी घरात झाकून ठेवलेली मिळाली तर सोडू नका. ऑक्टोबर २०१४ ला डिझेलचे दर पण सरकारी नियंत्रणातनं मोकळे झाले आणि ती हवा उतरली, २०२० ला प्रदूषणाचे बीएस ६ नियम आले तेव्हा मारुतीनं डिझेल बंदच केली.

थर्ड पार्टी इन्शुरन्सला काही फरक नाही, दोन्ही इंजिनं १००० ते १५०० सीसीतच बसतात, ३४१६ अधिक जीएसटी. आणि दिल्लीच्या नंबरच्या स्वस्त डिझेल दिसतात त्याला भुलू नका, तिकडं दहा वर्षांच्या डिझेलवर बंदीची टांगती तलवार म्हणून त्या इकडं येतात, पण एनओसी, इथला टॅक्स आणि आरटीओचे हेलपाटे धरले की स्वस्ताई संपते.

आता पेट्रोलची रड पण सांगतो नाहीतर म्हणाल स्वतःच्या गाडीचं कौतुक. यवतेश्वरच्या घाटात पाच माणसं आणि एसी लावला की सेकंडवरनं वर टाकायची सोय नाही, तिथं दाजींची गाडी तिसऱ्यावर निवांत चढते (दोन हजार आरपीएमच्या खाली मात्र तीही ढिम्म). दुसरं म्हणजे ई-२०, २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. गाडी त्यासाठी बनलेलीच नाही, घेतली तेव्हा १५ सहज मिळायचं ते आता १४ वर आलंय. मिस्त्रीनं गेल्या सर्व्हिसला पेट्रोलचा एक पाइप कडक झालाय म्हणून बदलला, इथेनॉलमुळं का वयामुळं ते त्यालाही सांगता येईना. दोन वर्षांत बाकी खर्च म्हणाल तर बॅटरी, पुढचे ब्रेक पॅड आणि एक व्हील बेअरिंग, बास.

महिन्याला दीड हजार किमीच्या वर रनिंग असेल तर डिझेलच बघा, पण सकाळी, थंड इंजिनावर, आणि मिस्त्री आपला घेऊन जा, एजंटनं दिलेला नको. ती ७१ हजारवाली परवा पुन्हा दिसली जाहिरातीत, आता ६८ झालीय.